एका कमांडची कुळकथा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात काय किंवा राज्यातल्या कुठल्याही कृषी महाविद्यालयात काय, एमएस्सीचा विद्यार्थी प्रयोग लावायला निघाला की पहिला प्रश्न येतो: कोणत्या प्लॉटात कोणती ट्रीटमेंट? हे आपल्या मर्जीने ठरवायचं नसतं, योगायोगावर सोडायचं असतं. पानसे-सुखात्म्यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाने कृषी संशोधकांच्या पिढ्यांना हे शिकवलं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ मध्ये काढलं. तेव्हा यादृच्छिक अंकांचा छापील तक्ता उघडून वाटप व्हायचं. तक्ता छापला की बदलत नसे.

आता हे काम ‘आर’ या मोफत संगणकभाषेत होऊ लागलं आहे. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती नव्वदीच्या सुरुवातीला रचली आणि १९९५ मध्ये सर्वांना खुली केली. पण तिची खरी ताकद जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या पॅकेजांत, म्हणजे ठरावीक कामांसाठीच्या तयार कमांडसंचांत आहे. शेतीप्रयोगांचं ‘अ‍ॅग्रिकोले’ हे पॅकेज पेरूमधल्या फेलिपे द मेंदिबुरू यांचं.

ही पॅकेजं ठेवायची कुठे? अक्षरजुळणीच्या ‘टेक’ प्रणालीवाल्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला ‘सीटॅन’ नावाचं सामायिक कोठार उभारलं. १९९५ मध्ये पर्ल भाषेचं ‘सीपॅन’ आलं. त्याच वळणावर कुर्ट हॉर्निक आणि फ्रिडरिश लाइश यांनी एप्रिल १९९७ मध्ये व्हिएन्नात आरचं ‘क्रॅन’ सुरू केलं. तेव्हा त्यात १२ पॅकेजं होती, आज वीस हजारांवर आहेत. एवढ्या पसाऱ्यात कोणतं जुनं झालं ते हाताने बघणं अशक्य. त्यासाठीच ‘अपडेट डॉट पॅकेजेस’ ही कमांड आहे. आपल्या संगणकावरच्या आवृत्त्या ती क्रॅनच्या यादीशी ताडून बघते आणि एकेक पॅकेज घेऊन विचारते, अद्ययावत करू का?

बहुतेक वेळा ‘हो’ म्हणावं. चुका दुरुस्त झालेल्या असतात. पण दुरुस्तीनेही उत्तर बदलतं, आणि हे पॅकेजांपुरतं नाही, खुद्द आरलाही लागू आहे. एप्रिल २०१९ मध्ये आर ३.६.० आली. यादीतून यादृच्छिक निवड करण्याची जुनी रीत फार मोठ्या याद्यांवर किंचित असमान निवड करत होती, ती बदलली. सुधारणा योग्यच होती. पण बीजांक, म्हणजे यादृच्छिक क्रमाची सुरुवात ठरवणारा अंक, ४२ देऊन १ ते १० हे अंक पिसायला सांगितले, तर जुनी आर १०, ९, ३ अशी सुरुवात करायची, नवी १, ५, १० अशी करते. आता कल्पना करा, जूनमध्ये जुन्या आवृत्तीवर आराखडा काढून सोयाबीन पेरलं, मध्येच आर अद्ययावत केली, आणि मार्चमध्ये तोच बीजांक देऊन तो आराखडा पुन्हा काढला. शेतात एक मांडणी, कागदावर दुसरी. विश्लेषण कागदावरून केलं तर वर्षाची मेहनत वाया.

म्हणून पॅकेजं जुनी ठेवावीत का? मुळीच नाही. जुन्या चुका जपणं ही खबरदारी नव्हे. अद्ययावत करायचं ते प्रयोगाच्या आधी, हंगाम चालू असताना नाही. काढलेला आराखडा लगेच फाइलमध्ये जपून ठेवायचा, पुन्हा निर्माण करण्याच्या भरवशावर राहायचं नाही. क्रॅन जुन्या आवृत्त्याही सांभाळून ठेवतं, त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक ठाऊक असेल तर पाच वर्षांनीही तेच पॅकेज परत आणता येतं. ‘रेन्व्ह’ हे पॅकेज तर सगळे क्रमांक एका फाइलीत नोंदवून ठेवतं. क्रमांकच लिहिलेला नसेल, तर मार्गदर्शकाला आणि पुढच्या विद्यार्थ्याला प्रयोगाचा हिशेब पडताळणं फार अवघड जातं.

प्रबंधाच्या ‘साहित्य आणि पद्धती’ प्रकरणात खताची मात्रा, वाणाचं नाव, पेरणीची तारीख आपण काटेकोर लिहितो. त्याच प्रकरणात आरची आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्तीही लिहा. ‘सेशनइन्फो’ ही कमांड दिली की सगळी यादी समोर येते. ती परिशिष्टात जोडा.