सफरचंद खाल्लं की घसा का खाजतो? एका दुर्लक्षित तक्रारीचा इतिहास

या मालिकेत मी एरवी मोहिमा, किल्ले आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण इतिहासाचाच आहे. एखादं ताजं फळ खाल्लं की काही जणांच्या ओठांना, जिभेला, टाळ्याला खाज सुटते, घसा खवखवतो, कधी ओठ थोडे सुजतात. बहुतेकांचं थोड्या वेळात आपोआप थांबतं. घरची मंडळी म्हणतात, "नाटकं करतोय." ही नाटकं नाहीत, हे पक्कं ठरायला वैद्यकशास्त्राला दीडशेहून अधिक वर्षं लागली. ती कशी, ते आज पाहू.

आधी दोन-तीन गोष्टी बाजूला काढतो, म्हणजे गल्लत होणार नाही. सुरण किंवा अळू नीट शिजलं नाही तर कोणाचाही घसा खाजतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून तर आपल्या आज्या त्यात चिंच किंवा आमसूल घालायच्या. अननस जास्त खाल्ला की जीभ चरचरते, कारण त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं, आणि आपली जीभही प्रथिनांचीच आहे. आंब्याच्या देठाचा चीक लागून ओठांवर फोड येतात, त्याचं नातं बिब्ब्याशी आणि काजूच्या टरफलातल्या तेलाशी आहे. आपला विषय याहून वेगळा आहे. एकाच टोपलीतलं सफरचंद दहा जण खातात, नऊ जणांना काही होत नाही, दहाव्याचा घसा मात्र खाजतो. असं का?

ही गोष्ट फळापासून सुरू होत नाही, नाकापासून सुरू होते. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने वैद्यकीय सभेपुढे एक निबंध वाचला. एका माणसाला दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, शिंका आणि धाप यांचा त्रास होतो, असं त्याने सांगितलं. तो माणूस म्हणजे बोस्टॉक स्वतःच. लहानपणापासून त्याला हे दुखणं होतं. १८२८ मध्ये त्याने आणखी २८ रुग्णांची माहिती मांडली. कारण मात्र त्याला सापडलं नाही. त्याला वाटलं, उन्हाची काहिली.

कारण शोधलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास होता. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले. हवेत उंचावर पराग असतात का, हे बघायला चिकट काचा लावलेले पतंग उडवले. १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि परागकण हे कारण पुढे आलं.

तरीही शरीर असं का वागतं, याला नाव नव्हतं. ते नाव १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिलं : अ‍ॅलर्जी. मग १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, एक धाडसी प्रयोग झाला. हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनित्स यांनी क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांधी उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी मनात नसून रक्तात आहे, हे दिसलं. रक्तातला तो घटक नक्की कोणता, हे कळायला १९६६-६७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. त्याला आपण आज आयजीई म्हणतो.

आता फळांकडे येऊ. १९४२ साली अमेरिकेतल्या टफ्ट आणि ब्लूमेनस्टाइन यांनी ताज्या फळांच्या अशा त्रासावर निबंध लिहिला. पण एक अडचण होती. अ‍ॅलर्जीची तपासणी बाटलीतल्या अर्काने करत, आणि फळांमधली ही प्रथिनं फार नाजूक असतात, अर्कात टिकत नाहीत. त्यामुळे तपासणीत काहीच निघायचं नाही आणि रुग्ण "तुम्हाला काही झालेलं नाही" हे ऐकून घरी परतायचा. खोटी तपासणीच होती, खोटा ठरायचा रुग्ण.

उत्तर आलं उत्तर युरोपातून. स्वीडन आणि फिनलंडमध्ये बर्च नावाची झाडं उदंड. हे झाड आपल्याला अगदीच परकं नाही. हिमालयातला भूर्ज हा त्याचाच भाऊबंद. त्याच्याच सालीवर, म्हणजे भूर्जपत्रावर, आपले पूर्वज लिहीत. १८८१ मध्ये सापडलेलं गणिताचं बख्शाली हस्तलिखित भूर्जपत्रावरच आहे. तर १९७०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्यांना वसंतात बर्चच्या परागांनी शिंका येतात, त्यांच्यातल्याच अनेकांचा सफरचंद, गाजर, हेझलनट खाल्ल्यावर घसा खाजतो. १९८३ मध्ये ड्रेबोर्ग आणि फुकार्ड यांनी साधी युक्ती केली. सुई आधी ताज्या फळात टोचायची आणि तीच मुलाच्या कातडीवर. अर्काची भानगडच नको. १९८७ मध्ये लंडनच्या अ‍ॅमलॉट, लेसॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘ओरल अ‍ॅलर्जी सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं.

शेवटचा दुवा १९८९ मध्ये व्हिएन्नात जुळला. बर्चच्या परागातल्या मुख्य प्रथिनाची जनुकीय रचना तिथे उलगडली. सफरचंदात त्याचंच जुळं भावंड निघालं. ही प्रथिनं झाडांच्या संरक्षणव्यवस्थेतली, रोग आला की झाड ती वाढवतं. फौजी भाषेत सांगतो. आपल्या शरीराच्या पहारेकऱ्याने एकदा परागाचा गणवेश शत्रूचा म्हणून ओळखून ठेवला. पुढे तसाच गणवेश घातलेलं सफरचंद तोंडाच्या नाक्यावर आलं की तो गोळीबार सुरू करतो. पण सफरचंद शिजवलं की प्रथिनाची घडी मोडते, गणवेश उतरतो, आणि पहारेकरी गप्प बसतो. पोटातही ही प्रथिनं लवकर मोडतात, म्हणून त्रास बहुधा तोंडाशीच थांबतो.

उत्तरेकडे माझ्या तुकडीत एक जवान होता. ताज्या सफरचंदाला हात लावायचा नाही, त्याचा मुरंबा मात्र आवडीने खायचा. लंगरमध्ये सगळे त्याची थट्टा करत, "फळ नको, गोड हवं!" त्याला कोणते पराग बाधत होते ते मी सांगू शकत नाही. पण कच्चं बाधतं आणि शिजवलेलं चालतं, ही त्याची तक्रार या इतिहासाशी तंतोतंत जुळते. तो आपल्या जिभेचं खरं ऐकत होता.

आता महत्त्वाचं. प्रत्येक फळाचा त्रास असा सौम्य नसतो. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पीचच्या सालीतलं एक वेगळं प्रथिन बाधतं. ते उष्णतेला आणि पोटातल्या आम्लाला दाद देत नाही, आणि त्याने जिवावर बेतू शकतं. रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींना केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडो बाधतात. परिचारिका, शल्यचिकित्सक असे रोज रबरी हातमोजे घालणारे लोक यात येतात. असा त्रास असेल तर कोणत्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जरूर सांगा. आणि फळ खाल्ल्यावर श्वास कोंडला, आवाज बसला, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं आणि त्यात मिनिटं मोजली जातात.

या इतिहासात मला एक गोष्ट ठळक दिसते. बोस्टॉक, ब्लॅकली, क्यूस्टनर हे तिघेही स्वतः रुग्ण होते. ते डॉक्टर होते म्हणून त्यांचं म्हणणं नोंदलं गेलं. घरातल्या आठ वर्षांच्या पोराकडे ना पदवी असते, ना सभा. ते फक्त म्हणतं, "आई, घसा खाजतोय." उद्या तुमच्या घरात कोणी असं म्हणालं तर त्याला फळ संपवायला लावू नका. कोणतं फळ, कच्चं की शिजवलेलं, किती वेळाने खाज आली, एवढं वहीत लिहा आणि ती वही अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की तंजावरला, एवढं काम घरबसल्या होतं.

पुढच्या भागात पुन्हा मोहिमांकडे वळू. तोवर, जय हिंद.