जर्मनीतील दोन मतांचे गणित

जर्मनीच्या ‘बुंडेस्टाग’ या लोकनियुक्त सभागृहाच्या निवडणुकीत प्रत्येक मतदार एकाच मतपत्रिकेवर दोन मते देतो. पहिले मत मतदारसंघातील उमेदवाराला, तर दुसरे राज्यातील पक्षाच्या उमेदवारयादीला असते. ही पद्धत १९५३ पासून रूढ आहे; १९४९ च्या निवडणुकीत मतदाराला एकच मत होते.

देशात २९९ मतदारसंघ आहेत. तेथे सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो, हा नियम आपल्या लोकसभेसारखाच. मात्र सभागृहातील पक्षाचे बळ ठरते ते दुसऱ्या मतावर. त्यासाठी पक्षाने देशभरात किमान ५ टक्के मते किंवा ३ मतदारसंघ जिंकणे आवश्यक असते. २०२१ मध्ये ‘डी लिंके’ या डाव्या पक्षाला ५ टक्क्यांहून कमी मते मिळाली. पण ३ मतदारसंघ जिंकल्याने त्याचे ३९ सदस्य निवडून आले.

पूर्वी मतदारसंघातील विजेत्याची जागा निश्चित असे. पक्षाने आपल्या वाट्यापेक्षा अधिक मतदारसंघ जिंकल्यास त्या वाढीव जागाही त्याच्याकडेच राहत. यातून विचित्र परिणाम घडत. २००५ मध्ये ड्रेस्डेनच्या एका मतदारसंघात उमेदवाराच्या निधनामुळे मतदान लांबले, तेव्हा दुसरी मते फार मिळाल्यास ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाची एक जागा कमी होणार, असे दिसून आले. अधिक मते मिळूनही जागा घटण्याचा हा दोष घटनाबाह्य असल्याचा निर्णय घटना न्यायालयाने २००८ मध्ये दिला. त्यानंतर २०१३ च्या निवडणुकीपासून इतर पक्षांना भरपाईच्या जागा मिळू लागल्या आणि सभागृह फुगत गेले. मूळ संख्या ५९८ असताना २०२१ मध्ये ७३६ सदस्य निवडून आले.

२०२३ च्या सुधारणेने ही संख्या ६३० वर कायम केली. वाढीव जागा रद्द झाल्या. आता दुसऱ्या मतांनी पक्षाला मिळालेल्या जागांत बसतील तेवढेच विजेते सभागृहात जातात; कमी टक्केवारीचे विजेते वगळले जातात. घटना न्यायालयाने २०२४ मध्ये हे तत्त्व ग्राह्य धरले; ३ मतदारसंघांची सवलत मात्र तूर्त कायम ठेवली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये या नियमाची प्रथमच अंमलबजावणी झाली. मतदारसंघात पहिले येऊनही २३ उमेदवारांना जागा मिळाली नाही. पक्षांचे प्रमाण अचूक राखले गेले. त्याची किंमत त्या २३ मतदारसंघांनी मोजली.