दुग्गा येथील थडगे आणि लंडनला गेलेली शिळा

ट्युनिशियात ट्युनिस शहरापासून सुमारे 110 किलोमीटरवर तेबुर्सुक हे छोटे गाव आहे. तिथून जवळच्या टेकडीवर दुग्गा. ‘रोमन अवशेष’ म्हणून लोक ते बघायला जातात, मीही तसाच गेलो. इ.स. 168-69 मधले नाट्यगृह, त्याआधी दोनच वर्षे उभारलेले ज्युपिटर, जुनो व मिनर्वा यांचे मंदिर, दगडी रस्ते, सगळे बघितले. मन मात्र रमले ते उताराच्या खालच्या टोकाला, ऑलिव्हच्या झाडांजवळ उभ्या असलेल्या एका थडग्यापाशी.

हे तीनमजली थडगे सुमारे 21 मीटर उंच आहे आणि ते रोमन नाहीच! रोमनांचे राज्य येण्यापूर्वी, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, स्थानिक न्युमिडियन लोकांनी ते बांधले. त्यावर प्युनिक आणि लिबियन अशा दोन भाषांत लेख होता. प्युनिक वाचता येत होते. त्यातली नावे शेजारच्या मजकुराशी जुळवत अभ्यासकांनी लिबियन लिपी उलगडली.

लेखात अतेबान हे नाव आहे. पुष्कळ काळ तो इथे पुरलेला राजपुरुष मानला जाई. आता बहुतेक अभ्यासक त्याला बांधणारा समजतात, कारण लेखात सुतार आणि लोहारही नावानिशी आहेत. म्हणजे मालक अज्ञात आणि कारागीर ज्ञात. आपल्याकडे वीरगळ बघताना नेमके उलटे होते. घडवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते.

1842 मध्ये ट्युनिसमधले ब्रिटिश वकील थॉमस रीड यांनी लेखाची शिळा काढवली. त्या खटाटोपात थडगे कोसळले. शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. इथे पडलेले दगड 1908 ते 1910 मध्ये लुई प्वँसो यांनी पुन्हा रचले. खरे तर 1631 मध्येच थॉमस दार्कोस यांनी त्या लेखाची नक्कल करून घेतली होती. म्हणजे वाचायला शिळा उपटायची गरज नव्हती.

आपल्या मंडळात गावोगावच्या शिळा एका जागी आणाव्यात का, हा वाद दर बैठकीत निघतो. मी आणाव्यात म्हणणाऱ्यांपैकी होतो. आता म्हणतो, आधी ठसा घ्या, फोटो काढा, जागेची नोंद करा. शिळा पडून फुटायला आली असेल तरच हलवा.