उशीर नक्की कोणाचा? मनमाड, व्ही.पी. आणि स्वस्त टपाल



मागे पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन तीन पुस्तकं मागवली. पत्ता मनमाडच्या घरचा. पाठवण्याचे दोन पर्याय होते, कुरियर किंवा पोस्टाचा स्वस्त दर. फेलोशिप वेळेवर जमा होत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, त्यामुळे मी स्वस्तवालं निवडलं. आणि चौथ्या दिवशी विक्रेत्याला फोन केला, "अजून आलं नाही." तो शांतपणे म्हणाला, "येईल की साहेब, पोस्टानं पाठवलंय." पार्सल नवव्या दिवशी आलं. धडधाकट, सुतळीसकट.

नंतर जरा ओशाळल्यासारखं झालं. हळू जाणारा दर मी स्वतः निवडला होता. कुणी मला तारीख दिली नव्हती. मग "चार दिवस झाले म्हणजे उशीर झाला" हे माझ्या डोक्यात आलं कुठून?

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इथे थोडं थांबा. "टपाल इतकं हळू का?" हा संशोधनाचा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. "उशीर हा शब्द कोणाला लावायचा हे कधी आणि कसं बदललं?" हा प्रश्न होऊ शकतो, कारण त्याचं उत्तर कायदे, दरपत्रकं, जाहिराती आणि शिक्के यांच्यात शोधता येतं. हा लेख त्या शोधाचा कच्चा आराखडा समजा.

सुरुवात १८५४ पासून करू. त्या वर्षीच्या टपाल कायद्यानं पत्राचा दर अंतरावरून काढून वजनावर आणला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. किंमत सगळीकडे सारखी झाली, वेळ मात्र सारखा झाला नाही आणि तसं कुणी म्हटलंही नव्हतं. हरकाऱ्याचे पाय, बैलगाडी, नदीला आलेला पूर यावर वेळ ठरायचा. दर ही सरकारची गोष्ट होती आणि वेळ ही वाटेची.

मग वाट बदलली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून मनमाडकडे सलग गाडी येऊ लागली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला, म्हणजे पुण्याकडचं टपाल कल्याणचा वळसा न घेता नगरमार्गे इथे पोचू शकत होतं. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची रेल्वे औरंगाबादमार्गे मनमाडला येऊन भिडली. ती मात्र मीटर गेज होती. मुंबईचा डबा त्या रुळांवर चढूच शकत नव्हता. मुंबईहून औरंगाबादला रेल्वेनं जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती धान्याचं पोतं असो की टपालाची थैली, मनमाडला उतरायची आणि दुसऱ्या गाडीत चढायची. हा प्रकार थेट १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत चालला. म्हणजे शंभरेक वर्षं मराठवाड्याच्या वाटेवर एक ठरलेला थांबा होता, आणि तो आमच्या गावात होता. (मनमाडकरांना वाट बघणं कुणी शिकवावं लागत नाही. नळाच्या पाण्यानं ते काम आधीच केलंय.)

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला पुरावा सांगतो. जुन्या टपालव्यवस्थेत 'लेट फी' नावाचा आकार होता. डाक बंद होण्याची वेळ टळून गेली, थैलीला लाख लागली, आणि तुम्ही पत्र घेऊन धावत आलात, तर जादा तिकीट लावून ते घेतलं जायचं. रेल्वेच्या टपालडब्यातही लेट फी भरून पत्र देता यायचं. याचा अर्थ नीट बघा. त्या व्यवस्थेत 'लेट' कोण होतं? तुम्ही! टपाल वेळेवरच निघायचं, उशीर पाठवणाऱ्याला व्हायचा आणि दंडही तोच भरायचा.

कायदाही याच बाजूचा. १८९८ च्या भारतीय पोस्ट ऑफिस कायद्याचं सहावं कलम सांगतं की वस्तू हरवली, चुकीच्या हाती गेली, बिघडली किंवा तिला उशीर झाला, तर सरकारनं स्पष्ट शब्दांत स्वीकारलेली जबाबदारी सोडून सरकारवर काहीही येत नाही. 'उशीर' हा शब्द कायद्यात आहे, पण जबाबदारी झटकण्याच्या यादीत. हा कायदा २०२४ च्या जूनपर्यंत लागू होता.

मग प्रश्न असा की अशा बिनहमीच्या व्यवस्थेवर दूरवरचा व्यापार चाललाच कसा? तो चालला व्हॅल्यू पेएबल पोस्टमुळे, म्हणजे आपल्या व्ही.पी.मुळे. भारतात ती १८७७ मध्ये सुरू झाली. विक्रेता पार्सल पोस्टात देताना किंमत लिहून देतो, पोस्टमन ती गिऱ्हाइकाकडून घेऊनच पार्सल सोडतो, आणि पैसे विक्रेत्याला पोचते होतात. १८८० पासून मनीऑर्डरचं काम पोस्टाकडे आल्यावर हे चक्र पक्कं झालं. मुंबई-पुण्याच्या छापखान्याला नांदगाव तालुक्यातला गिऱ्हाईक ओळखीचा असायची गरज उरली नाही. दोघांनाही पोस्टमन ओळखीचा होता, तेवढं पुरलं.

जुन्या मराठी पुस्तकांची मागची पानं चाळा. किंमत असते, 'ट. ख. निराळा' असतं, व्ही.पी.ने मागवण्याची सोय असते, पत्ता असतो. किती दिवसांत मिळेल? मी पाहिलेल्या पानांवर हे कुठेही नाही. खर्च वेगळा दाखवायचा हे विक्रेत्याला सुचलं, दिवस दाखवायचे हे नाही. माझ्या मते याचं कारण असं की त्या व्यवहारात भीती उशिराची नव्हतीच. भीती होती फसवणुकीची, आणि ती दोन्ही बाजूंनी. गिऱ्हाईक मागवून नाकारायचा, विक्रेता न मागवलेलं गळ्यात मारायचा.

हे मी कशावरून म्हणतोय? पुन्हा कायद्यावरून. १८९८ च्याच कायद्यात सरकारला असा नियम करायची मुभा आहे की वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवली जात आहे, असं पाठवणाऱ्यानं लिहून दिल्याशिवाय ती व्ही.पी.नं घेऊ नये. नियम उलटा वाचायची सवय लावून घ्या. जिथे 'खरी मागणी असल्याचं लिहून द्या' असं म्हणावं लागतं, तिथे खोट्या मागणीची पार्सलं फिरत असतात. शिवाय पैसे हाती येईपर्यंत सरकार त्या रकमेला बांधील नाही हेही तिथेच लिहिलंय.

आता एकदम २०१० मध्ये या. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झालं होतं. २०१० मध्ये त्यांनी 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली आणि सगळीकडे तिचं नवीन युक्ती म्हणून कौतुक झालं. तेव्हा व्ही.पी.ला १३३ वर्षं झाली होती. दुखणीही तीच परत आली. गिऱ्हाईक दारात नाकारतो, पार्सल परत जातं, दोन्ही बाजूंचं भाडं विक्रेत्याच्या बोकांडी. त्याला आता 'आर.टी.ओ.' म्हणतात, गाड्यांचं नव्हे, 'रिटर्न टू ओरिजिन'. संशोधनात एखादी गोष्ट 'पहिल्यांदाच' झाली असं लिहायचा मोह झाला की आधी पोस्टाच्या नियमावलीत डोकावून या, एवढंच सांगेन.

पण एक गोष्ट मात्र खरंच नवीन होती. वस्तूच्या पानावर तारीख दिसायला लागली. अमुक वारापर्यंत मिळेल. आणि ती तारीख काढायला साइट आधी काय विचारते? पिनकोड.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. नावं आणि लिप्यांचा गोंधळ टळावा, छाननी सोपी व्हावी यासाठी सहा आकडे. मनमाडचा पिन ४२३१०४. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग, पहिले तीन आकडे म्हणजे छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. इथे गंमत आहे. नाशिक शहर ४२२ मध्ये, मनमाड-मालेगाव-येवला ४२३ मध्ये, आणि नगर जिल्ह्यातलं कोपरगावसुद्धा ४२३ मध्येच (४२३६०१). कलेक्टर कचेरीचा नकाशा वेगळा आणि टपालाचा वेगळा. कोपरगाव आहे दौंड-मनमाड रेल्वेवर. थैली ज्या बाजूनं येते तिचा ठसा आकड्यांवर उरतो, असं मी याचं वाचन करतो.

म्हणजे जो आकडा थैली कुठे टाकायची हे सांगण्यासाठी होता, तोच आता ती कधी पोचेल याचं वचन द्यायला वापरला जातोय. वचन आलं की उशीर आला. आणि तो पाठवणाऱ्याचा उशीर, लेट फी भरून मिटणारा नव्हे. पोस्टानंही ही वाट थोडीफार धरली होती. १ ऑगस्ट १९८६ ला स्पीड पोस्ट सुरू झालं, आणि पुढे त्याला ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर भाड्याइतकी भरपाई द्यायचा नियम आला. सहाव्या कलमातल्या 'स्पष्ट शब्दांत स्वीकारलेल्या जबाबदारी'चं हे उदाहरण. उशिराला प्रथमच किंमत लागली, पण ती महाग सेवेपुरती.

स्वस्त सेवेचं काय झालं? मराठी पुस्तकांचे छोटे प्रकाशक आणि विक्रेते वर्षानुवर्षं 'रजिस्टर्ड बुक पोस्ट'वर जगले. पाच किलो पुस्तकं साधारण ८० रुपयांत देशात कुठेही जायची. डिसेंबर २०२४ मध्ये ही सेवा बंद झाली. तेवढंच वजन रजिस्टर्ड पार्सलनं पाठवायला तेव्हा २२९ रुपये लागायचे. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहावर हा फरक कोण सोसणार? १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. माल जमिनीवरून जातो, म्हणजे हळू, पण ट्रॅकिंग मिळतं. नियतकालिकं आणि व्यापारी छपाई चालत नाही. मधले चारपाच महिने छोट्या विक्रेत्यांनी कसे काढले हा एखाद्यानं लगेच हाती घ्यावा असा विषय आहे, लोकांना आठवतंय तोवर.

आणि ट्रॅकिंगनंच माझा फोन करवला होता, हे मला उशिरा कळलं. व्ही.पी.च्या काळात पार्सल दिसायचं नाही, म्हणून ते 'वाटेत' असायचं. आता ते एखाद्या छाननी केंद्रात तीन दिवस बसलेलं दिसतं, म्हणून ते 'अडकलेलं' असतं. पार्सल तेच करतंय जे पूर्वी करायचं.

एम.एस्सी.ला संख्याशास्त्र होतं, त्यामुळे एक आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. समजा एका विक्रेत्याची पाच पार्सलं ६, ७, ६, ७, ६ दिवसांत पोचली. दुसऱ्याची २, २, ३, २ आणि एक १४ दिवसांत. पहिल्याची सरासरी ६.४, दुसऱ्याची ४.६. दुसरा वेगवान आहे, आणि बोलणी तोच खाणार. लोकांना सरासरी दिसत नाही, चौदावा दिवस दिसतो. 'टपाल हळू झालं' असं कुणी म्हणालं तर सरासरी वाढली, पसारा वाढला, की अपेक्षा आकसली, हे तिन्ही वेगळं तपासा. तक्रारवह्या हा पुरावा म्हणून भारी वाटतो, पण सहाव्या दिवशी निमूट पोचलेल्या पार्सलबद्दल कुणी अर्ज लिहीत नाही.

मग जुना वेग मोजायचा कसा? पोस्टकार्डांवरून. कार्ड भारतात १८७९ मध्ये आलं, पाव आण्याला. त्यावर निघाल्याचा शिक्का असतो आणि बऱ्याचदा पोचल्या ठिकाणाचाही. दोन शिक्के म्हणजे एक नोंद. लिफाफे लोक फाडून फेकतात, कार्डावर मजकूर आणि शिक्का एकाच कागदावर असल्यानं दोन्ही टिकतं. फक्त लक्षात ठेवा, जपून ठेवलेली कार्डं म्हणजे सगळी कार्डं नव्हेत. लग्नाची, नोकरीची कार्डं जास्त उरतात, आणि मृत्यूची बातमी असलेली तर कित्येक घरांत वाचून लगेच फाडायचे, म्हणजे ती कमीच सापडतील.

आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अशी एकतीस कार्डं निघाली. दोन्ही शिक्के वाचता येतील अशी अकरा. भिंगाखाली धरून तारखा एका एक्सेलमध्ये भरतोय. औरंगाबादहून मनमाडला आलेल्या एका कार्डावर आजोबांनी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय, 'पोचले', आणि खाली तारीख. शिक्का असताना त्यांनी ती पुन्हा का लिहिली असेल, ते अजून उलगडलेलं नाही. तुमच्या घरच्या कार्डांवर असं काही दिसलं तर फोटो नक्की पाठवा, दोन्ही बाजूंचा.