तुरिनचा एक करारनामा

दहावीचा निकाल लागला की घराघरांतून प्रश्न उभा राहतो : महाविद्यालय की तंत्रशाळा? तंत्रशाळेचे नाव निघताच काही आईवडिलांचे चेहरे उतरतात. मुलाच्या हाती पाना-हातोडा येणे म्हणजे जणू त्याच्या बुद्धीचा पराभवच! अशा वेळी एका जुन्या कागदाची आठवण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इटलीतील तुरिन शहर झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेली मुले तेथे कारागिरांच्या हाताखाली राबत. शिकाऊ म्हणून ठेवलेल्या मुलाला पुष्कळदा घरगड्यासारखे वागविले जाई. १८४१ साली गुरुदीक्षा लाभलेल्या जॉन बॉस्को यांनी हे जवळून पाहिले. विद्यार्थिदशेत त्यांनी स्वतः शिंप्याकडे सुई आणि लोहाराकडे घण हाती धरला होता.

८ फेब्रुवारी १८५२ रोजी त्यांच्या पुढाकाराने मुद्रांकित कागदावर एक करार झाला. सुताराने मुलाला दोन वर्षांत आपला व्यवसाय शिकवावा. त्याबाहेरचे काम सांगू नये. चुकल्यास शब्दांनीच समज द्यावी, हात उगारू नये. सणाच्या दिवशी मोकळीक आणि वर्षाकाठी पंधरवड्याची रजा द्यावी. मजुरीही ठरली. मुलाने आज्ञाधारकपणे, मन लावून शिकण्याचे वचन दिले.

पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, वाल्डोक्को येथे त्यांनी स्वतःच चर्मकाम व शिवणकामाचे वर्ग उघडले. मागाहून पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई व लोहारकामाची भर पडली. १९०६ साली त्यांचे सालेशियन अनुयायी तंजावरला पोहोचले आणि हे कार्य भारतात रुजले.

स्वतंत्र भारतात १९५० साली शासनाची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आपली आय.टी.आय., तिच्याच छत्राखालची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्याने शिकाऊ हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे मानले. तुरिनच्या त्या कागदाचा आशय तरी दुसरा कोणता होता?

म्हणून संस्था निवडताना तिच्या इमारतीकडे पाहून भुलू नये. कार्यशाळेत डोकवावे. यंत्रे चालू आहेत काय, मुलांचा हात त्यांवर रोज फिरतो काय, शिकवणारा स्वतः कसबी आहे काय, शिकाऊ उमेदवारी कोठे मिळते, हे विचारावे. आणि मुख्य म्हणजे मुलाला विचारावे. त्या करारावर वडीलधाऱ्यांबरोबर मुलाचीही सही होती, हे आपण विसरता कामा नये.