सात तारांचा वाद

बंगळूरच्या मल्लेश्वरमकडून व्यालिकावलच्या बाजूस निघालेला नवखा मनुष्य एका इमारतीपाशी हमखास थबकतो. इमारत व्हायोलिनच्या आकाराची आहे. तिला खुंट्या आहेत, तारा आहेत, घोडी आहे, गजही आहे. १९८० साली उघडलेले हे चौडय्या स्मारक सभागृह आता शहराच्या इतके अंगवळणी पडले आहे की रोज त्यावरून जाणारे त्याकडे मान वर करून पाहतही नाहीत. आम्ही बंगळूरवासी मराठी मंडळी तेथे नाटकाला जातो, गाण्याला जातो, मध्यंतरात कॉफी घेतो आणि घरी परततो. दगडविटांत उभे केलेले हे वाद्य कोणते, असा प्रश्न आमच्यापैकी फार थोड्यांना पडला असेल.

ते साधे व्हायोलिन नव्हे. ते सात तारांचे व्हायोलिन आहे. ज्या वाद्याचे शहराने एवढे मोठे स्मारक केले, ते वाद्य प्रथम व्यासपीठावर आले तेव्हा रसिकांत उघड दोन तट पडले होते. स्मारके सहसा वाद मिटल्यावर उभी राहतात. येथे वादाचा विषयच स्मारक होऊन बसला आहे. कलावंताने आपली शैली बदलली म्हणजे त्याच्यावर जीव टाकणारे रसिक असे दुभंगतात का, आणि त्या दुभंगात न्याय कोणाच्या पदरी घालावा, याचा विचार करण्यास याहून योग्य जागा आम्हांस ठाऊक नाही.

तिरुमकूडलू चौडय्यांचा जन्म १८९५ सालचा, म्हैसूरजवळच्या तिरुमकूडलू नरसीपूरचा. बिडारम कृष्णप्पा या कडक शिस्तीच्या गवयापाशी त्यांनी म्हैसुरास अनेक वर्षे गुरुगृही राहून विद्या घेतली. तरुणपणीच ते नामवंत गवयांच्या साथीस बसू लागले. त्या काळी मैफली राजवाड्यांच्या दालनांतून आणि घरांच्या ओसऱ्यांवरून बाहेर पडून उत्सवांच्या मांडवांत आल्या होत्या. श्रोते वाढले, ध्वनिवर्धक मात्र अजून आला नव्हता. गवयाचा खडा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत जाई. व्हायोलिनचा नाजूक सूर मधल्या रांगांतच विरून जाई. मागे बसलेल्या श्रोत्याला गज हलताना दिसे, ऐकू काहीच येत नसे. १९२७ च्या सुमारास चौडय्यांनी यावर उपाय काढला. चार तारांना त्यांनी आणखी तीन तारांची जोड दिली. जोडतारा एकदम छेडल्या जाऊ लागल्या आणि वाद्याचा नाद भरदार झाला. शेवटच्या रांगेतील माणसाला प्रथमच साथ ऐकू आली.

शेवटच्या रांगेने टाळ्या दिल्या. पहिल्या रांगेच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे आक्षेप घेणारे अडाणी होते असे कोणी समजू नये. दक्षिणेकडील संगीताचा प्राण गमकांत आहे. सुराचे सूक्ष्म हेलकावे, एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणे, हे सारे एका तारेवर फिरणाऱ्या बोटाच्या स्वाधीन असते. जोडतारांवर तेच बोट एकाच वेळी दोन तारा दाबते. त्या तंतोतंत जुळलेल्या नसल्या तर सुराला धूसर कड येते. शिवाय साथीदाराने गवयाच्या मागे राहावे, त्याच्यावर कुरघोडी करू नये, हा साथीचा धर्म. ज्याचे वाद्यच दुप्पट बोलू लागले, तो मागे कसा राहणार? या दोन्ही शंका जाणकारांच्या होत्या आणि त्यांत तथ्यही होते. उलट बाजूने चौडय्यांचे चाहते म्हणत की नाद हाही संगीताचाच भाग आहे. जे ऐकूच येत नाही त्याचे सूक्ष्मत्व काय कामाचे? चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारख्या दणदणीत आवाजाच्या गवयाला चौडय्यांचे व्हायोलिन आणि पालघाट मणी अय्यरांचा मृदंग अशी साथ लाभे, तेव्हा या त्रयीच्या मैफलींना लोटणारी गर्दी हेच त्या पक्षाचे उत्तर होते.

येथे इतिहासाची एक गंमत ध्यानात घेतली पाहिजे. ज्या चार तारांच्या पावित्र्यासाठी हा कलह झाला, त्या चार तारा तरी दक्षिणेच्या कोठे होत्या? व्हायोलिन हे युरोपातून आलेले वाद्य. मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी यांनी ते गोऱ्यांच्या वादनपद्धतीवरून शिकून घेतले आणि कर्नाटक संगीताच्या ओटीत घातले, त्याला तेव्हा पुरते दीडशे वर्षेही झाली नव्हती. पणजोबांच्या काळातील धाडस पणतूच्या काळात परंपरा ठरते, आणि मग त्या परंपरेच्या रक्षणासाठी पणतू नव्या धाडसावर काठी उगारतो. परंपरा म्हणजे पुष्कळदा असेच एखादे धाडस असते. फक्त त्याची जन्मतारीख आपण विसरलेले असतो.

चौडय्यांचा हा कलह आम्ही मराठी मंडळींनी तटस्थपणे ऐकावा, हे सोपे आहे. तो शेजारच्या घरातला. परंतु आमच्या स्वतःच्या घरातही असाच एक कलह झाला आणि त्यात आम्ही तटस्थ नव्हतो. तोही एका कानडी मुलुखातून आलेल्या कलावंतावरून झाला, हा योगायोग बंगळुरात बसून लिहिताना विशेष जाणवतो.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा अकराबारा वर्षांचा होता, तेव्हाच त्याने मुंबईच्या रसिकांना वेड लावले होते. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्यांची गायकी हुबेहूब उभी करी. कुमार गंधर्व हे नाव त्याला त्या चमत्काराने मिळवून दिले. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. देवधर स्वतः घराण्यांच्या भिंती न मानणारे, अनेकांकडून विद्या गोळा करणारे गुरू. त्यांच्या छायेत या मुलाने नक्कल सोडून प्रश्न विचारण्यास आरंभ केला. १९४८ च्या जानेवारीत क्षयाने ग्रासलेले कुमार हवापालटासाठी माळव्यातील देवासला राहावयास गेले. डॉक्टरांनी गाण्याला सक्त मनाई केली. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याच्या बायकांची गाणी, भिकाऱ्यांची पदे, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ऐकली. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या नव्या औषधाने जीव वाचला; परंतु एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. काही वर्षांच्या मौनानंतर ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा श्रोत्यांसमोर एक वेगळाच गायक होता.

लांब, अखंड ताना ओसरल्या होत्या. त्यांच्या जागी छोटे स्वरसमूह आले. मध्येच एक शांतता, मग वरच्या षड्जावर बाणासारखा लागलेला सूर, आणि लगेच कानात सांगितल्यासारखी कुजबुज. लोकधुनांतून उगवलेले संजारी, मालवती, लगनगंधार असे नवे राग त्यांनी मांडले. १९६५ साली बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ निघाला. घराण्यांची चर्चा मराठीत अगदी भरात असण्याचा तो काळ. वामनराव देशपांड्यांची ‘घरंदाज गायकी’ चारच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाली होती. अशा वेळी हा गायक घराणे हीच संस्था संगीताला अडसर होते असे उघड म्हणू लागला. मग वाद पेटला नसता तरच नवल.

त्या काळचे रसिक आठवून पाहा. एकाच घरातील वडील म्हणत, याने रागाची बढत टाकून दिली. पायरी पायरीने राग चढवत नेण्याचा संयम याच्यापाशी उरला नाही. चावडीवरची धून दरबारात आणून बसवली. मुलगा म्हणे, राग आम्हांला प्रथमच जिवंत भेटला. वडिलांना लहानपणी ऐकलेला तो चमत्कारी बालगायक हवा होता. मुलाला तो ठाऊकच नव्हता. दोघेही कुमारांवर प्रेम करीत होते. फक्त दोघांचे कुमार वेगळे होते.

याच वर्षी, १९६५ मध्ये, कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला, तेव्हा तर दुखऱ्या जागीच बोट पडले. बालगंधर्व तेव्हा हयात होते. मराठी माणसाच्या तीन पिढ्यांनी ती पदे देवघरातल्या मूर्तीसारखी जपलेली. ती दुसऱ्याने म्हणावयाची तर जशीच्या तशी म्हणावी, हा अलिखित नियम. लहानपणी ज्याने नकलेने मुंबई जिंकली, त्याच गायकाने प्रौढपणी नक्कल नाकारली. कार्यक्रमाच्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्दच त्या नकाराची घोषणा होती. काहींना त्यात गुरुपूजा दिसली, काहींना उद्धटपणा.

कुमारांचे सारे वेगळेपण त्यांच्या फुफ्फुसावर ढकलणारे एक सोयीस्कर मतही तेव्हापासून चालत आले आहे. आम्हांस ते अपुरे वाटते. श्वास तोकडा झालेले गायक पुष्कळ होऊन गेले. त्यांपैकी बहुतेकांनी जुनीच गायकी लहान करून म्हटली. आजाराने दार बंद केले हे खरे, परंतु खिडकी कोठे फोडावी हे आजार सांगत नाही. चौडय्यांचेही तसेच. मागच्या रांगेला ऐकू जावे, ही गरज ध्वनिवर्धक आल्याबरोबर संपली; सात तारा मात्र त्यांच्या नावाशी अखेरपर्यंत जोडलेल्या राहिल्या. गरज संपल्यावर जी टिकते, ती युक्ती राहत नाही. ती त्या कलावंताची वाणी झालेली असते.

हा कलह केवळ आपल्या रागसंगीताचा आहे असेही नाही. अमेरिकेतील काळ्या शेतमजुरांच्या दुःखातून ‘ब्लूज’ नावाचे गाणे जन्मले. त्यातील एक थोर गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीची कापसाची शेते सोडून शिकागोला आला. तेथील गुत्त्यांच्या गलबल्यात त्याची साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. चौडय्यांची अडचण आणि याची अडचण सात समुद्रांपलीकडून एकच होती! १९५८ साली तो इंग्लंडला गेला, तेव्हा साध्या गिटारीवरील ग्रामीण ब्लूजची सवय असलेल्या तेथील अनेक रसिकांना ती कर्कश वाटली. त्याने ते मनावर घेतले आणि १९६३ साली पुन्हा गेला तो साधी गिटार घेऊन. पण मधल्या पाच वर्षांत तेथे नवी पिढी आली होती आणि तिला हवी होती ती विजेचीच गिटार. श्रोत्यांच्या आवडीमागे धावणारा कलावंत मुक्कामी पोहोचतो, तोवर श्रोते पुढच्या गावी गेलेले असतात.

याच वॉटर्सची दुसरी कथा मात्र आमच्या विवेचनाला लगाम घालते. १९६८ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मंडळींनी तरुणांच्या तत्कालीन धुंद, गजबजलेल्या रॉक संगीताच्या साच्यात त्याला बसवून ‘इलेक्ट्रिक मड’ ही तबकडी काढली. ती खपली; ब्लूजच्या समीक्षकांनी तिला झोडपले; आणि पुढे स्वतः वॉटर्सनेही तिच्यापासून अंग काढून घेतले. तेव्हा बदलाला विरोध करणारा रसिक नेहमीच चुकतो, असे म्हणता येत नाही. गुत्त्यातील गिटार वादकाच्या गरजेतून आली होती, ही तबकडी बाजाराच्या. जुन्या चाहत्यांच्या कानाला ती तफावत जाणवली होती.

मग न्याय कोणाचा? आम्हांस वाटते, रागावलेल्या रसिकाचे दुःख प्रथम मान्य करावे. एखाद्या गाण्यावर आपले तारुण्य बांधलेले असते. गायक बदलला म्हणजे आपल्या आयुष्याचा तो तुकडा कोणी न विचारता मोडून टाकला असे वाटते. परंतु हे दुःख आपले आहे, कलावंताचा तो गुन्हा नव्हे. आपण त्याच्याकडे स्वतःचे जुने दिवस परत मागत असतो, आणि ते देणे त्याच्या हाती नसते. त्याच्याकडे एकच गोष्ट मागण्याचा आपल्याला हक्क आहे: बदल त्याच्या आतून आलेला असावा. तो तसा आहे की नाही हे पहिल्या मैफलीत कळत नाही. त्यासाठी न आवडलेले गाणेही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकण्याचे सौजन्य लागते. कुमारांना १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. चौडय्यांना मद्रासच्या म्युझिक अकादमीने संगीत कलानिधी केले ते १९५७ मध्ये, सात तारा जोडल्यानंतर तीस वर्षांनी. सन्मान उशिरा येतात, कारण कानाला सवय उशिरा लागते.

चौडय्या १९६७ साली गेले. सात तारांचे व्हायोलिन पुढे सर्वमान्य झाले नाही. आज त्या स्मारक सभागृहाच्या व्यासपीठावर जे व्हायोलिनवादक बसतात, त्यांच्या मांडीवर बहुधा चार तारांचेच वाद्य असते. म्हणजे पहिल्या रांगेचे म्हणणे काळाने पुष्कळसे खरे केले. आणि तरीही ज्याच्या आकाराच्या छपराखाली ते वाद्य वाजते, ते सात तारांचे आहे. दोन्ही तटांना एकाच छताखाली बसवून इतिहासाने आपला निकाल राखून ठेवला आहे. पुढच्या खेपेस तेथे गेलो की आत शिरण्यापूर्वी आपण सर्वांनी क्षणभर मान वर करावी आणि त्या तारा मोजाव्यात.