काशीचे अन्नछत्र आणि आपली पुस्तके



काशीस पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की अरुंद गल्ल्यांतून मंगला गौरीच्या देवळाकडे वाट जाते. जवळच बालाजीचे मंदिर आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई तेथे रियाझाला बसत असे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा सारा टापू मराठी माणसांच्या जुन्या वस्तीचा. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी येथे घाट बांधले, घरे उभी केली, लोक वसविले. पंचगंगेवरच्या सहस्रदीपांच्या दगडी दीपस्तंभाशी अहल्याबाई होळकरांचे नाव निगडित आहे. कोणी किती द्रव्य वेचले हे इतिहासाची पुस्तके आपल्याला सांगतात. परंतु त्या घाटावर उतरलेला निर्धन मराठी माणूस दुपारी जेवला कोठे, हा प्रश्न त्यांना सहसा पडत नाही. त्याचे उत्तर मला कहाणी, आठवणी आणि कादंबरी अशा तीन वेगळ्या कपाटांतल्या पुस्तकांत सापडले. सरकारी दफ्तरात जमाखर्च सापडतो. भूक सापडत नाही.

आरंभ कहाणीपासूनच करावा, कारण देवी तीच आहे. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहिता मंगळागौर पुजतात आणि कहाणी ऐकतात. तिच्यातला अल्पायुषी मुलगा मामाबरोबर काशीयात्रेस निघतो. वाटेत मामा युक्तीने त्याचे लग्न लावून देतो, रात्री सर्प येतो, मुलगी देवीच्या सांगण्याप्रमाणे सर्व निभावते. आणि सकाळी नवरा पुन्हा काशीच्या वाटेला लागतो. आता नवरा शोधायचा कसा? आईबाप अन्नछत्र घालतात. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय मुलीने धुवावेत, इतरांनी गंध, विडा द्यावा, असा क्रम चालतो. केव्हातरी तो येईलच, हा भरवसा! तिकडे काशीत मुलाचे प्राण न्यायला यमदूत येतात, तेव्हा मंगळागौरच त्यांच्या आडवी उभी राहते. ज्या आजीबाईने ही गोष्ट पहिल्याने रचली असेल तिला लघुकथेचे तंत्र कोणी शिकविले नव्हते; तरी वाटसरूला जेवू घालण्याच्या रिवाजातून तिने कथानकाची गाठ किती सहज सोडविली आहे पाहा.

कहाणीतले अन्नछत्र यजमानाच्या बाजूने सांगितलेले आहे. पाने मांडणाऱ्यांचे मन आपल्याला कळते. पानावर बसलेल्याचे कळत नाही. ती बाजू धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदना'त आहे. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून निघाला, पुण्याहून पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीस पोचला आणि गंगाधरशास्त्री तैलंगांपाशी संस्कृत शिकू लागला. पोट अन्नछत्रावर. १९०२ साली तो तेथून नेपाळकडे निघाला, आणि पुढे सिंहलद्वीपापर्यंत गेला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात स्वतःविषयी कीव नाही. उपासमार, आजारपण आणि व्याकरणाचे सूत्र या तिन्ही गोष्टी तो एकाच सपाट सुरात सांगतो. मला स्वतःला हा कोरडेपणा अनेक अलंकृत आत्मचरित्रांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

पुढे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीस गेले. तेही अन्नछत्रात जेवत. दोन पैसे दक्षिणा मिळे, त्यात दही आणि रताळी घेऊन रात्रीचे भागवीत. ही हकीकत त्यांनी पुढे आठवणीदाखल सांगितली. कोसंबी आणि विनोबा, दोघांच्याही आयुष्याला ज्या नगरीत वळण मिळाले, तिने त्यांना एकवेळचे जेवण घातले होते. उत्तर आयुष्यात दोघांनीही रूढ कर्मकांडापासून वेगळी वाट धरली, ही गोष्ट अन्नछत्र घालणाऱ्या धनिकांच्या कल्पनेतही नसेल.

मात्र आठवणी म्हणजे अस्सल आणि कादंबरी म्हणजे कल्पित, अशी सोपी वाटणी करू नये. विष्णुभट गोडसे वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेले, सत्तावन्नच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. हे सारे त्यांनी लिहिले १८८३ साली, म्हणजे पाव शतकानंतर. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' छापला तो भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिला. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. एकाच माणसाची आठवण संपादकाच्या हातून जाताना कशी कपडे बदलते, ते तेथे दिसते.

याउलट गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही १९५७ ची कादंबरी. नर्मदेची परिक्रमा, भिक्षेची झोळी, अनोळखी ओसरीवरची रात्र, हे त्यांचे स्वतःचे भोगणे होते, पण नाव त्यांनी 'कुणा एका'चे दिले. पुढे 'स्मरणगाथे'त त्याच वणवणीच्या दिवसांविषयी ते स्वतःच्या नावाने बोलले. कादंबरीत ते मोकळे वाटतात, आठवणींत जरा सावध, की उलट? मी दोनदा वाचून दोनदा वेगळा कौल दिला आहे, आणि या अनिश्चितीतच वाचनाची मोठी गोडी आहे. सगळी आत्मचरित्रे एका हिवाळ्यात आणि सगळ्या कादंबऱ्या दुसऱ्या हिवाळ्यात, असे शिस्तीने वाचणाऱ्याला ती मिळणार नाही.

अखेरीस मंगला गौरीच्या परिसराकडे येऊ. याच मराठी वस्तीत नाना फडणिसांच्या नावाचा वाडा आहे. नानांनी लिहिलेले छोटेसे आत्मचरित्र पानिपताशी येऊन थांबते. विशीही न उलटलेला हा मुलगा तीर्थयात्रेची ओढ असलेल्या आईला आणि पत्नीला घेऊन भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर निघाला होता. तारुण्यातले मनाचे विकारही तो लपवीत नाही, आणि रणातून वेष टाकून पळालो हेही लिहितो. विश्वास पाटलांनी १९८८ मध्ये 'पानिपत' लिहिले तेव्हा सैन्य, तोफा, उपासमार यांचा विराट पट उभा केला. नानांच्या पानांत तोफा फारशा ऐकू येत नाहीत. तेथे एक भेदरलेला मुलगा आहे, पत्नी पुढे सुखरूप भेटते, आणि आई परत येत नाही.